फोटो हुबेहूब आहे, तरी आई म्हणते, 'हे तुझे बाबा नव्हेत'

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील जाऊन दीड वर्ष झालं. आता धाकट्या भावाचं लग्न ठरलंय. बहिणीने हौसेने वडिलांचा एक जुना फोटो मोबाइलवरच्या एआय ॲपमध्ये टाकला आणि नवा फोटो बनवून घेतला: नवरा-नवरी पुढे, मागे आई आणि तिच्या शेजारी फेटा बांधून हसत उभे असलेले वडील. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकल्याबरोबर काका, मामा, आत्या सगळे गहिवरले. आईने मात्र तो क्षणभर पाहिला, फोन पालथा ठेवला आणि "हे तुझे बाबा नव्हेत" म्हणून आत निघून गेली. फोटो तर अगदी हुबेहूब आहे. मग तिला खटकलं काय? आणि जो फोटो बघून बाकीच्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याच फोटोचा तिला राग का यावा?

आधी सरळ उत्तर देते. आईची नजर चुकलेली नाही. तो चेहरा तुमच्या वडिलांचा नाहीच. काका-मामाही उगाच गोड बोलत नाहीयेत, त्यांना तो खरोखरच तुमच्या वडिलांचा वाटला. निगेटिव्हवर पेन्सिलीने टचिंग करायचे तेव्हापासून मी फोटो स्टुडिओच्या धंद्यात आहे. पुढे फोटोशॉप आलं, आता एआय आलं, पण काम तेच राहिलं: गेलेल्या माणसाचा चेहरा घरच्यांना ओळखू येईल असा करून देणं. आणि हल्ली जुना फोटो घेऊन येणाऱ्या बऱ्याच घरांत आधी हाच तंटा होऊन गेलेला असतो. एकजण म्हणतो 'किती छान', दुसरा म्हणतो 'हे कोण?' आणि दुसरं म्हणणारं माणूस नेहमी घरातलं सगळ्यांत जवळचं असतं.

यामागचं कारण चेहरे ओळखण्याच्या आपल्या पद्धतीत आहे. ब्रिटनमधल्या रॉब जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांच्या हाती चेहऱ्यांचे ४० फोटो दिले आणि सांगितलं, एका माणसाचे सगळे फोटो एका गठ्ठ्यात, अशी वाटणी करा. एकूण माणसं किती, हे सांगितलं नाही. खरं तर माणसं दोनच होती: नेदरलँड्समधल्या दोन प्रसिद्ध स्त्रिया, प्रत्येकीचे २० फोटो. ब्रिटिश लोकांना त्या अनोळखी, त्यामुळे त्यांनी सर्वसाधारणपणे सात-आठ गठ्ठे केले. उजेड बदलला, केस बांधले, वय थोडं पुढं सरकलं की त्यांना ती वेगळीच बाई वाटायची. डच लोकांनी तेच फोटो जवळजवळ बिनचूक दोन गठ्ठ्यांत लावले.

म्हणजे अनोळखी चेहरा आपण मिशी, चष्मा, टक्कल, कपाळाची ठेवण अशा ठळक खुणांवरून ओळखतो. ओळखीच्या चेहऱ्याचं तसं नसतं. तो आपण रागात, तापात, झोपेत, दाढी वाढलेला, जेवताना, भांडताना असा सगळ्या तऱ्हांनी पाहिलेला असतो, आणि त्या चेहऱ्यात काय बदलू शकतं आणि काय कधीच बदलत नाही, हे आपल्याला सांगता येत नसलं तरी कळतं. तुमच्या काकांनी वडिलांना गेली कित्येक वर्षं लग्नाकार्यात आणि सणावाराला पाहिलं असेल. त्यांना मिशी जुळली, चष्म्याची फ्रेम जुळली, काम झालं. आईला ते हसताना खालचा ओठ कसा आत घ्यायचे हे ठाऊक आहे. ॲपने त्यांना बत्तिशी दाखवत हसवलंय. ते असे हसायचे का कधी? तुमच्या घरातले इतर फोटो काढून बघा. आपल्याकडच्या त्या पिढीतल्या पुरुषांच्या शंभर फोटोंत दात दिसणारा एखादाच असतो.

आता ॲप नेमकं काय करतं ते पाहू, कारण इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. लोकांना वाटतं की जुन्या, धूसर फोटोत माहिती दडलेली असते आणि एआय ती उकरून काढतं. तसं नसतं. ग्रुप फोटोतला चेहरा स्कॅन केल्यावर कधीकधी ३०-४० पिक्सेल रुंद निघतो. त्यात पापणी नसतेच, फक्त एक करडा ठिपका असतो. यंत्राने लाखो चेहरे पाहिलेले असतात, त्यांच्या आधारे ते ठरवतं की अशा करड्या ठिपक्याच्या जागी साधारण असा डोळा असतो, आणि तो डोळा तिथे रंगवतं. २०२० मध्ये पल्स नावाच्या अशाच एका साधनात बराक ओबामांचा मुद्दाम धूसर केलेला फोटो घातला, तर बाहेर एका गोऱ्या माणसाचा स्वच्छ चेहरा आला. चेहरा सुरेख होता, कुठे डाग नाही, फाटकेपणा नाही. फक्त तो ओबामांचा नव्हता.

आपल्याकडे हे कसं दिसतं ते सांगते. एका घरातून आजीच्या फोटोची दुरुस्ती आली. नातवाने आधीच एका ॲपमधून तो 'एचडी' करून आणला होता, मला फक्त मोठा प्रिंट काढून फ्रेम करून द्यायची होती. मी मूळ फोटो मागून घेतला आणि दोन्ही शेजारी ठेवले. मूळ फोटोत आजीच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण होतं. यंत्राने ते फोटोवरचे डाग समजून पुसून टाकलं होतं. कुंकवाची आडवी चिरी होती, तिची बारीक गोल टिकली झाली होती. कानातली बुगडी गेली आणि त्या जागी काहीतरी चमकणारं आलं. गालावरच्या सुरकुत्या निम्म्या झाल्या, रंग दोन छटा उजळला, ओठांवर हलका गुलाबीपणा चढला. नातू खूश होता, कारण त्याने आजीला पाहिलंच नव्हतं. त्याच्यासोबत आलेल्या आत्याने, म्हणजे त्या आजीच्या मुलीने, तो फोटो हातात घेतला आणि विचारलं, "ही कुणाची बाई?" ती चेष्टा करत नव्हती. तिच्यासाठी आईचा चेहरा म्हणजे ते गोंदण होतं. तेच गेल्यावर उरलं ते कुठल्याही म्हातारीचं नाक-डोळे.

यात आणखी एक मेख आहे. यंत्र जो चेहरा भरतं तो सरासरीकडे झुकतो, आणि सरासरी चेहरा माणसाला देखणा वाटतो. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने १८७८ च्या सुमारास अनेकांचे फोटो एकावर एक छापून एकत्र चेहरे बनवले, तेव्हाच त्याच्या लक्षात आलं होतं की एकत्र केलेला चेहरा सुट्या चेहऱ्यांपेक्षा चांगला दिसतो. पुढे १९९० मध्ये लँग्लोइस आणि रॉगमन या दोघी अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी संगणकावर ते करून दाखवलं. त्यामुळे लांबचे नातेवाईक 'किती तेज आलंय चेहऱ्यावर!' म्हणतात, ते खरंच असतं. वाकडं नाक सरळ होतं, एक भुवई जरा वर असेल ती खाली येते, दोन्ही डोळे सारखे होतात. पण माणूस ओळखू येतो तो नेमका त्या वाकड्या नाकावरून. चेहरा जितका देखणा होत जातो तितका तो त्या माणसाचा राहत नाही.

स्वतःच्या चेहऱ्याबाबत तर आणखी गंमत आहे. पासपोर्ट फोटो हातात पडला की जवळजवळ प्रत्येकजण म्हणतो, 'मी अशी दिसते?' १९७७ मध्ये अमेरिकेत मिता, डर्मर आणि नाइट यांनी बायकांना त्यांचाच फोटो दोन तऱ्हांनी दाखवला, एक सरळ आणि एक आरशात दिसतो तसा उलटा. त्यांना स्वतःला बहुधा उलटा आवडला, त्यांच्या मैत्रिणींना सरळ. प्रत्येकाला रोज दिसणारा चेहरा खरा वाटतो, दुसरं काही नाही. म्हणूनच २०२५ मध्ये गूगलच्या जेमिनी या एआय ॲपवर साडीतले फोटो बनवण्याची लाट आली तेव्हा पोरी स्वतःच्या त्या फोटोंवर फिदा होत्या आणि त्यांच्या आया म्हणत होत्या, 'छान आहे, पण तू नाहीस.' तिथे कुणाचं काही बिघडत नाही. जिवंत माणूस समोर असतो, त्याच्याशी पडताळून बघता येतं. गेलेल्या माणसाचं तसं नसतं. त्याच्या बाबतीत फोटो हाच शेवटचा पुरावा.

या विषयावर लिहिणारे हमखास मासाहिरो मोरींचं नाव घेतात. मोरी हे जपानी यंत्रमानव-शास्त्रज्ञ. १९७० मध्ये त्यांनी मांडलं की यंत्रमानव माणसासारखा दिसत गेला की तो आपल्याला जवळचा वाटू लागतो, पण जवळजवळ माणसासारखा होऊनही किंचित कमी पडला की एकदम अंगावर काटा येतो. कल्पना मोलाची आहे, पण तुमच्या प्रश्नाला ती पुरत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. आजच्या एआय चेहऱ्यांनी तो काट्याचा टप्पा केव्हाच ओलांडलाय. सोफी नाइटिंगेल आणि हॅनी फरीद यांच्या २०२२ च्या अभ्यासात लोकांना खरे आणि कृत्रिम चेहरे वेगळे करायला सांगितले, तर बरोबर उत्तरं निघाली ४८ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती. त्यावर कडी म्हणजे, कृत्रिम चेहरे लोकांना किंचित जास्त विश्वासू वाटले. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियात ॲमी डॉवेल यांच्या गटाला आढळलं की गोऱ्या लोकांचे एआय चेहरे खऱ्या गोऱ्या चेहऱ्यांपेक्षा जास्त वेळा 'खरे' ठरवले जातात, आणि ज्यांचं सगळ्यांत जास्त चुकतं त्यांचीच खात्री सगळ्यांत पक्की असते. इतर वर्णाच्या चेहऱ्यांना तो परिणाम दिसला नाही. यंत्राला शिकवताना वापरलेले चेहरे बहुतांशी गोऱ्यांचे होते, हे त्याचं एक कारण असावं असं त्यांनी मांडलं. आजीचं गोंदण डाग का ठरलं, त्याचंही मूळ इथेच कुठेतरी असणार.

तेव्हा आईला आलेला शहारा चित्राच्या कच्चेपणाचा नाही. तोच चेहरा एखाद्या अनोळखी माणसाचा म्हणून दाखवला असता तर तिला तो छान वाटला असता. तिला बोचलं ते वेगळंच: नाक-डोळे म्हणतायत 'हे तेच', आणि आतून येणारी ओळख म्हणते 'नाही'. ओळख आणि आपलेपणा या दोन गोष्टी डोक्यात वेगवेगळ्या वाटांनी चालतात, असं मानलं जातं. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ जोसेफ कापग्रा यांनी १९२३ मध्ये एका बाईची केस नोंदवली. तिची ठाम समजूत होती की तिच्या नवऱ्याच्या जागी हुबेहूब दिसणारा दुसराच कुणी आणून ठेवलाय. तो आजार आहे आणि तुमच्या आईला कुठलाही आजार नाही. पण आपल्या माणसाच्या रूपात परकं कुणी समोर उभं राहिलं की काय वाटत असेल, त्याची थोडी कल्पना यावरून येते.

आता एक गोष्ट करा. तो फोटो पुन्हा उघडा आणि वडिलांकडे बघू नका, आईकडे बघा. तिच्या कपाळावर काय दाखवलंय? गळ्यात मंगळसूत्र आहे का? हातात हिरव्या बांगड्या? लग्नातला फोटो, शेजारी नवरा, म्हटल्यावर ॲप बाईला बहुधा नटवून टाकतं. तुमच्याकडे कुंकू-बांगड्यांबाबत काय पाळतात मला माहीत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, पाठोपाठ राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं, आणि आज बऱ्याच घरांत बायका नवरा गेल्यावरही टिकली लावतात. ते त्यांनी ठरवून केलेलं असतं, कधी चार लोकांचं बोलणं खाऊन केलेलं असतं. इथे एका यंत्राने न विचारता आईला पुन्हा सवाष्ण केलं, वर हसवलं, आणि तो फोटो अख्ख्या ग्रुपवर फिरला. त्या फोटोत जिवंत असलेलं आणि तरीही न विचारलं गेलेलं माणूस तीच. माझ्या मते राग निम्मा तरी इथला असणार.

फोटो एआयने बनवलाय हे कळल्यामुळे लोक बिथरतात, असंही कुणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये लोकांना चित्रं दाखवली. सगळी एआयचीच, पण काहींखाली 'माणसाने काढलेलं' असं लिहिलेलं. तीच चित्रं माणसाच्या नावावर आली की लोकांना जास्त अर्थपूर्ण, जास्त मोलाची वाटली. नुसतं 'आवडलं का' विचारलं तर फरक कमी होता. त्याच वर्षी जर्मन छायाचित्रकार बोरिस एल्डागसेन यांनी सोनी जागतिक छायाचित्र स्पर्धेतलं आपलं बक्षीस नाकारलं आणि सांगितलं की चित्र एआयचं आहे. दोन बायकांचं ते जुनाट रंगाचं चित्र परीक्षकांना भिडलं होतं. ते कसं बनलंय हे जाहीर झाल्यावर लोक त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागले.

पण केवळ बनवलेलं म्हणून लोक फोटो नाकारतात, हे मात्र मला पटत नाही. आम्ही स्टुडिओवाले पिढ्यान् पिढ्या बनवलेलेच फोटो विकत आलो आहोत. पूर्वी कित्येक जोडप्यांचा एकत्र फोटोच नसायचा. नवरा गेला की घरचे यायचे: त्याचा फोटो नोकरीच्या ओळखपत्रावरचा, तिचा कुणाच्या तरी बारशातल्या ग्रुपमधून कापलेला. आम्ही मिक्सिंग करून दोघांना शेजारी बसवायचो, मागे पडदा टाकायचो, त्याला कोट चढवायचो. कोट त्या माणसाने जन्मात घातलेला नसायचा. तरी ती बाई तो फोटो छातीशी धरून न्यायची. का? एक म्हणजे चेहरा खरा होता. कडा कच्च्या, उजेड एका बाजूचा वेगळा, पण डोळे त्याचेच. दुसरं, तो फोटो तिने स्वतः करवून घेतलेला असायचा. समोर बसून सांगायची, 'एवढा गोरा नका करू हो.' तिसरं, ते दोघं ताठ, समोर बघत बसलेले असायचे. तो फोटो कुठल्याही प्रसंगाचा दावा करत नव्हता. बहिणीने बनवलेला फोटो दावा करतो की हा क्षण घडला, आणि तो घडला नाही हे आईइतकं कुणालाच टोचत नाही. ती त्या मांडवात एकटी उभी राहणार आहे.

(हल्लीचं एक गमतीचं: मयताचा फोटो म्हणून आधार कार्ड आणणारे फार वाढलेत. जिवंतपणी ज्या फोटोला सगळं घर हसलं, तोच फ्रेममध्ये जातो. आणि घरच्यांना तो चालतो, कारण कसाही असला तरी तो त्या माणसाचाच असतो.)

धूसरपणाबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण दुरुस्तीचं सगळं शास्त्र धूसरपणा घालवण्यामागे लागलंय. १८६० च्या दशकात बॉस्टनमध्ये विल्यम मम्लर नावाचा माणूस 'आत्म्यांचे फोटो' काढून द्यायचा. गिऱ्हाईक खुर्चीत बसायचं आणि प्रिंटवर त्याच्या मागे एक पांढुरकी आकृती उमटायची. अमेरिकन यादवी युद्धात घरोघरी माणसं गेलेली, त्यामुळे धंदा जोरात. १८६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये फसवणुकीचा खटला झाला, सर्कसवाल्या बार्नमने त्याच्याविरुद्ध साक्ष दिली, तरी पुराव्याअभावी मम्लर सुटला. लिंकनची पत्नी मेरी टॉड हिनेही नंतर त्याच्याकडून फोटो काढून घेतला. तिच्या खांद्यांवर हात ठेवलेली लिंकनसारखी आकृती त्यात दिसते. त्या धूसर डागांत लोकांना आपला मुलगा, आपली बायको अगदी स्पष्ट दिसायची. चेहरा पुसट होता म्हणूनच त्यांना तो आपल्या आठवणीने पुरा करता यायचा. आजचं ॲप एकेक केस कोरून देतं, पापण्या मोजता येतील असे डोळे देतं, आणि आठवणीला जागाच ठेवत नाही. प्रत्येक चुकीचा केस आईच्या आठवणीशी भांडतो.

याच कारणाने चित्र चालतं आणि फोटो चालत नाही. मार्च २०२५ मध्ये जपानी ॲनिमेशनच्या धाटणीची चित्रं बनवण्याची लाट आली, तेव्हा लोकांनी गेलेल्या आजी-आजोबांचीही तशी चित्रं बनवली. कलावंतांच्या शैलीची उचलेगिरी म्हणून त्यावर रास्त टीका झाली, तो वेगळा विषय. पण घरच्यांना त्या चित्रांचा शहारा आल्याचं मी फारसं ऐकलं नाही. दोन रेषांचा चश्मा आणि टोपी म्हणजे आजोबा, एवढंच ते चित्र सांगतं. आमच्या भागातल्या जुन्या वाड्यांमधली पणजोबांची तैलचित्रं तरी किती सारखी असतील? ती बघून कुणी उठून जात नाही.

मग ज्यांना गहिवरून आलं त्यांचं काय, त्यांच्या भावना खोट्या का? अजिबात नाही. भावना चित्र खरं आहे की खोटं याची चौकशी करून येत नाही. २०२४ च्या हेलीन वादळानंतर अमेरिकेत होडीत कुत्र्याच्या पिल्लाला कवटाळून रडणाऱ्या मुलीचं चित्र पसरलं. ते एआयचं आहे हे सांगितल्यावरही ते पसरवणाऱ्या एका राजकीय कार्यकर्तीने ते काढायला नकार दिला. कुठून आलं याच्याशी मला देणंघेणं नाही, लोक भोगतायत ते यातून दिसतं, असा तिचा पवित्रा होता. आपल्याकडे २८ मे २०२३ ला दिल्लीत आंदोलन करणाऱ्या कुस्तीपटू विनेश आणि संगीता फोगाट यांना पोलिसांनी गाडीतून नेलं. त्यांचा गंभीर चेहऱ्यांचा सेल्फी कुणीतरी एआयने हसरा केला आणि पसरवला. ओठांचे कोपरे फक्त वर गेले, बाकी फोटो तोच. तेवढ्याने बघणाऱ्याच्या मनात कणव होती तिथे चीड आली. खुलासा झाला, पण आधी आलेली चीड खुलाशाने पुरती धुऊन निघत नाही. काकांच्या डोळ्यांत आलेलं पाणी भावाच्या आठवणीचं होतं. फोटो निमित्त झाला. त्यांच्याशी वाद घालू नका.

मला खरी काळजी वाटते ती पुढच्या पिढीची, कारण आठवण ही फार लवचीक वस्तू आहे. न्यूझीलंडच्या किंबर्ली वेड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये २० जणांना त्यांच्या लहानपणीचे फोटो दाखवले. त्यातला एक बनावट होता: गरम हवेच्या फुग्यात बसलेलं मूल, चेहरा त्यांचाच. तीन मुलाखती होईपर्यंत निम्म्या लोकांना ती कधीच न झालेली फुग्याची सफर थोडीफार किंवा चांगलीच 'आठवू' लागली. ते साधं फोटोशॉप होतं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या गटाने एआयने बदललेले फोटो आणि त्यांपासून बनवलेले व्हिडिओ वापरून पाहिले, तर व्हिडिओंमुळे चुकीच्या आठवणी सुमारे दुपटीने वाढल्या. तुमच्या भावाला उद्या मूल होईल. ते पाच वर्षांचं झाल्यावर दिवाणखान्यातला फोटो बघून म्हणेल, आजोबा बाबांच्या लग्नाला होते. त्याला कोण काय सांगणार? आणि दहा वर्षांनी तुम्हालाही वडील कसे हसायचे ते आठवताना ॲपची बत्तिशी आठवली, तर मला आश्चर्य वाटणार नाही. फोटो हलवून, डोळे मिचकावून दाखवणारी साधनं २०२१ पासून सर्रास मिळतात. वडिलांच्या बाबतीत तरी त्यांच्या वाटेला जाऊ नका असं मी सुचवीन.

आता करायचं काय? बहिणीला दोष देऊ नका, तिने प्रेमापोटी केलंय. आईला 'अगं किती छान आहे' म्हणून समजावत बसू नका. तिला फक्त विचारा, यात तुला काय चुकीचं दिसतं? बहुतेक आया मग बोलू लागतात: कान असे नव्हते, मान अशी ताठ नव्हती, चष्मा नाकावर खाली असायचा. ते सगळं लिहून ठेवा. ते कुठल्याही ॲपला ठाऊक नाही.

मग वडिलांचे खरे फोटो गोळा करा. लग्नाचा अल्बम, ऑफिसातला निरोप समारंभ, शेजाऱ्यांच्या मुंजीचे फोटो, कुणाच्या तरी लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट, मित्रांच्या मोबाइलमधले सहलीचे फोटो. कागदी फोटो फ्रेममधून बाहेर काढून फ्लॅटबेड (सपाट काचेच्या) स्कॅनरवर ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांनी, स्कॅन करून घ्या. काचेवरून मोबाइलने काढलेला फोटो आणू नका. त्यातून आईला निवडू द्या. ती बहुधा तुम्हाला सामान्य वाटणारा फोटो निवडेल, कोपऱ्यात उभे, अर्धे डोळे मिटलेले. तोच घ्या.

स्टुडिओवाल्याला स्पष्ट सांगा की चेहऱ्यावर एआय चालवायचं नाही. घड्या, ओरखडे, बुरशीचे डाग, पिवळेपणा काढायचा, एवढंच. पार्श्वभूमी, शर्टाचा फाटलेला भाग, उडालेला कोपरा यांना एआय खुशाल वापरू दे, तिथे ते उत्तम काम करतं आणि माझाही वेळ वाचवतं. चेहरा थोडा धूसर राहिला तर राहू द्या. पक्का प्रिंट काढण्याआधी छोटा नमुना कागदावर काढून आईच्या हातात द्या. स्क्रीनवर दाखवू नका, स्क्रीनवर प्रत्येकजण बोटांनी मोठं करून बघतो आणि भलतंच शोधत बसतो. लग्नात त्याच फोटोला हार घालून स्टेजजवळ खुर्चीवर ठेवा. आणि कुटुंब एकत्र दिसायलाच हवं असा बहिणीचा हट्ट असेल तर एखाद्या चित्रकाराकडून रेखाचित्र करून घ्या. त्यात आई कशी दिसावी, तिच्या कपाळावर काय असावं, हे तिलाच ठरवू द्या.

एआयचा तो फोटो पुसून टाकायचा की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. ठेवलात तर फाइलच्या नावातच 'एआयने बनवलेला' असं आणि वर्ष लिहा, प्रिंट काढला असेल तर पाठीमागे पेनने लिहा. आणि आजच काकांना एक फोन करा. ग्रुपवर आलेला फोटो नातेवाईक परस्पर फ्लेक्सवाल्याकडे पाठवतात, हा माझा अनुभव आहे. कार्यालयाच्या दारात दहा बाय आठ फुटांचा तो चेहरा आईला लग्नाच्या दिवशी सकाळी दिसायला नको.